नानांच्या छातीतलं तेल

"यांच्या छातीत तेल कसं गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीच्या एक्स-रेची फिल्म त्यांनी खिडकीशी उजेडात धरली होती. उजव्या बाजूला, खालच्या अंगाला मुठीएवढी पांढरट सावली होती. चार दिवस आम्ही तिला गाठ समजत होतो. गाठ म्हणजे काय ते तेव्हाही सगळ्यांना कळायचं, फक्त पुढचा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. आणि आता थुंकीचा रिपोर्ट दुसऱ्या हातात घेऊन डॉक्टर तेल म्हणत होते.

"थुंकीत तेलाचे थेंब सापडलेत. नाकात तेल घालता का? तेलाच्या गुळण्या? तोंडाने कसलं तेल पाजता?"

"नाही," मी म्हटलं.

ते फिल्म खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. 'नाही' म्हणून झाल्यावर मला आमच्या स्वयंपाकघरातली फळी आठवली, फळीवरची बाटली आठवली, आणि आपण खोटं बोललो हे माझं मलाच कळलं. तरी मी ते मागे घेतलं नाही. खाटेवर नाना डोळे मिटून धापा टाकत होते आणि मी उगाचच त्यांची चादर नीट करत राहिले.

ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळून आहे आणि ज्यांच्या हातून त्याचं औषधपाणी होतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. विषय पोट साफ होण्याचा आहे. नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं, पण वाचावं. नाक मुरडण्यानेच आमच्याकडे निम्मा घोटाळा झाला.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. नाना रत्नागिरीला एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या सोडायच्या, आल्यागेल्याची वेळ लिहायची. गाडी सात मिनिटं उशिरा आली तर वहीत सातच लिहायचे. ड्रायव्हर मित्र असला तरी साताचे सहा होत नसत. त्यावरून त्यांची बऱ्याच जणांशी वाजली, पण खोटं लिहिणं त्यांना जमलं नाही. निवृत्त झाल्यावरही त्यांचं सगळं वेळापत्रकाप्रमाणेच चाले. पहाटे साडेपाचला परसाकडे जायचं, हे त्यातलं पहिलं. मी त्याला 'साडेपाचची गाडी' म्हणायचे. एक्काहत्तर वर्षांत ती गाडी कधी चुकली नव्हती, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा, माझा मोठा भाऊ, मुंबईला नोकरीत. माझं लग्न झालं आणि दीड वर्षात मोडलं, तेव्हापासून मी नानांजवळ होते. घरी मशीन होतं, आळीतल्या बायकांचे ब्लाउज-परकर शिवायचे. आणि माझी आणखी एक ख्याती होती, ती इथे सांगायला हवी. तान्ह्या पोरांना औषध पाजण्यात माझा हात कुणी धरत नसे.

तेव्हा महिन्यातून एकदा पोराला एरंडेल द्यायचं, ही घरोघरची रीत. पोर ते थुंकायचं, ओकायचं, घर डोक्यावर घ्यायचं. मग आया पोरं घेऊन माझ्याकडे यायच्या. मी भिंतीला टेकून पाय लांब करायचे, पोर पायांवर उताणं आडवं घ्यायचे, आणि बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून हळूहळू धार सोडायचे. बोंडलं म्हणजे पोरांना दूध-औषध पाजायचं चोचीचं चिमुकलं भांडं. थेंब बाहेर सांडायचा नाही. बायका म्हणायच्या, "शकूमावशीच्या हाताला गुण हाय." मीही ते खरं मानून चालले होते. मला दुसरं काही फारसं जमलं नव्हतं, त्यामुळे हे एक जमतंय याचा मला जरा जास्तच तोरा होता.

श्रावणात न्हाणीच्या शेवाळलेल्या पायरीवरून नानांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. वय आणि साखर बघून हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. ट्रॅक्शन लावलं. ट्रॅक्शन म्हणजे पायाला पट्ट्या बांधून त्याला दोरीने वजन टांगायचं, म्हणजे हाड सरळ रेषेत राहतं. वजनाने माणूस खाटेवरून खाली ओढला जाऊ नये म्हणून खाटेचा पायथा उंच करतात. पाय वर आणि डोकं खाली, अशा अवस्थेत नानांना आठवडेच्या आठवडे काढायचे होते.

पहिले पाच दिवस त्यांना शौचाला झालं नाही. वेदनेच्या गोळ्यांनी आतडी सुस्तावतात, त्यात हालचाल शून्य. त्यांचं सगळं लक्ष तिकडेच लागून राहिलं. पायाचं दुखणं राहिलं बाजूला, डॉक्टर आले की नर्सला बाहेर घालवून मग हळू आवाजात पोटाची तक्रार करायचे.

डॉक्टरांनी लिक्विड पॅराफिन लिहून दिलं. त्यांनी मला समजावून सांगितलेलं अजून लक्षात आहे. "हे स्टूल सॉफ्टनर आहे. म्हणजे शौच मऊ करणारं औषध. हा जुलाब नव्हे, आतड्याला ढकलत नाही. खनिज तेल आहे, अंगात फारसं शोषलं जात नाही, मळ ओला आणि निसरडा ठेवतं इतकंच. एक-दोन दिवस वाट बघावी लागेल. भरपूर पाणी द्या. आणि पाठीमागे उशा लावून, बसवून द्या. पडल्या पडल्या द्यायचं नाही. दिल्यावरही थोडा वेळ तसंच बसू दे. झोपायच्या आधी तर नकोच. आठवडाभर द्यायचं आणि बंद करायचं."

तिथल्या नर्सने बरोबर तसंच दिलं. दुपारी, तीन उशा रचून, चमच्याने. तिसऱ्या दिवशी काम झालं, आठवड्याने औषध बंद झालं. यात कुणाचं काही चुकलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

तीन आठवड्यांनी आम्ही नानांना ट्रॅक्शनसकट घरी आणलं. खाटेच्या पायथ्याखाली जांभ्याचे दोन चिरे लावले, पायाला वाळूची पिशवी टांगली. शेजारचे हसनभाई मदतीला होते. मालवाहू बोटींवर उभा जन्म काढलेला हा माणूस, निवृत्त होऊन घरी आलेला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, नानांचां सकाळचां मी बघतंय. बोटीवर आजारी खलाशांचां समदां केलंय मी. तुमी बाईमाणूस, नाना लाजतील."

"मुलगीच आहे मी त्यांची," मी म्हटलं. "लाजायचं काय त्यात?"

लाज त्यांना होती, मला नव्हती, हा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पोट फुगलं, जेवण जाईना, चिडचिड सुरू झाली. आम्ही निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, की असं झालं तर कळवा. मी कळवलं नाही. जुनी चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले आणि बाटली आणली. पोट साफ व्हायचं साधं औषध ते, त्याच्यासाठी डॉक्टरांना काय त्रास द्यायचा?

पहिल्या दिवशी मी उशा लावून बघितलं. उचलताना नानांच्या कमरेतून अशी कळ गेली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला ते बघवेना. बोंडलं घरात होतंच. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसले, मान किंचित वळवली, चोच ओठांच्या कोपऱ्यात घातली आणि धार सोडली. सांडलं नाही, ठसका नाही, कळ नाही. नाना हसले. म्हणाले, "मला पोर केलंस की गो."

पहाटेची गाडी वेळेवर यावी म्हणून मी औषध झोपायच्या आधी द्यायला लागले. दोन दिवसांनी बरोबर साडेपाचच्या सुमाराला नानांनी हाक मारली, "शकू, झालां गो!" इतका आनंद मला त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही दिसला नव्हता. मग मी ते बंद करायचं नावच घेतलं नाही. गुण येतोय तर कशाला थांबवायचं? आठवड्याचे दोन झाले, दोनाचे सात. बाटली संपली की दुसरी आणायची. दोन चमच्यांचे कधी तीन व्हायचे.

ट्रॅक्शन निघालं, हाड जुळत होतं. नाना आता लोडाला टेकून बसू शकत होते. म्हणजे औषध बसवून देणं आता सहज शक्य होतं, पण तोवर माझ्या हाताला सवय लागली होती. बोंडल्यानेच, पडल्यावरच.

त्याच सुमाराला कोरडा खोकला सुरू झाला. आधी वाटलं हवा बदलली. मग संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. तोंडाला चव नाही, दंडाचं मांस गेलं, दोन वाक्यं बोलून झाली की दम लागायचा. घरचे डॉक्टर अँटिबायोटिक देऊन बघत होते. चार दिवस ताप जायचा, पुन्हा यायचा. टीबीसाठी तीनदा थुंकी तपासली, तिन्ही वेळा काही निघालं नाही. पण आळीला तेवढं पुरलं. माझ्याकडे पोरं आणणं बायकांनी बंद केलं. शिवायला टाकलेले दोन ब्लाउजही न शिवताच परत गेले. मी दारात उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचे आणि सगळे लांबूनच उत्तर द्यायचे.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढला, आणि ती सावली दिसली. ते म्हणाले, "गाठ असू शकते. मुंबईला नेऊन तुकडा काढून तपासावा लागेल. कदाचित छाती उघडावी लागेल." नानांची हाडं-कातडी तेवढी उरली होती. छाती उघडल्यावर हा माणूस पुन्हा उठणार नाही, हे मला सांगायला कुणी नको होतं. मी दादाला तार केली.

त्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आधीपासून कोणती औषधं चालू आहेत?" मी साखरेची गोळी सांगितली, वेदनेची सांगितली, कॅल्शियम सांगितलं. पोटाचं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मी लपवलं नव्हतं. एक तर मी त्याला औषधात धरतच नव्हते. दुसरं म्हणजे वॉर्डात सहा खाटा होत्या, भेटायला आलेली माणसं होती आणि नाना माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचा अर्थ, माझ्या संडासाच्या गोष्टी इथे काढू नकोस. मी काढल्या नाहीत.

चौथ्या दिवशी थुंकीत तेल निघालं. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग तो हाच. त्या वेळी मात्र मी लपवलं.

दुपारी नानांची पेज आणायला म्हणून मी घरी आले. फळीवर बाटली होती, शेजारी स्वच्छ विसळून उपडं घातलेलं बोंडलं. मी बाटली हातात घेतली. पाण्यासारखी पारदर्शक. बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. चव नाही, वास नाही. गिळला तरी गेल्याचं कळलं नाही. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. आपण दोन महिने रोज, हौसेने, बापाच्या छातीत तेल ओतत होतो. आणि आता तोंड उघडलं नाही, तर उद्या दादा येईल, गाडी ठरवेल, आणि आपल्या अब्रूपायी मुंबईला कुणीतरी त्यांची छाती फाडेल. इतकं सरळ होतं ते. तरी उठायला मला अर्धा तास लागला.

पेज विसरले. बाटली आणि बोंडलं पिशवीत टाकून परत गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही ठेवलं.

"हे पाजत होते," मी म्हटलं. "दोन महिने. झोपवून."

त्यांनी बोंडलं उचलून उलटसुलट बघितलं. "बसवून द्या असं कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, मला पाजता येतं."

मला वाटलं होतं आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे सांगितलं, "पाणी चुकून श्वासनळीत गेलं तर माणूस ठसकतो, खोकून बाहेर काढतो. हे तेल घशाला टोचतच नाही. घसा बेसावध राहतो आणि ते सरळ खाली उतरतं, थोडं थोडं, रोज. त्यात यांचं डोकं उताराला. ठसका लागत नव्हता म्हणून तुम्हाला वाटलं, छान जातंय. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. फुप्फुसात तेल साचून येणारी सूज. एक्स-रेवर ती हुबेहूब गाठीसारखी दिसू शकते."

"आता?"

"आता हे बंद. मुंबईची घाई नको, थोडं थांबून बघू. बरे होतील असं वचन मी देत नाही. पण बरं झालं सांगितलंत. मी उद्या मुंबईच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देणार होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दादा आला. रातोरात प्रवास करून आलेला, दाढी वाढलेली, हातात बॅग तशीच. डॉक्टरांनी त्याला तेलाचं सांगितलं. कुणी पाजलं ते सांगितलं नाही, ते माझ्यावर सोडलं असावं. दादा तरातरा खाटेशी आला. लहानपणापासून त्याचा राग मला माहीत होता. एकदा मनातून माणूस उतरलं की त्याच्या लेखी ते मेलंच.

"कुणी पाजलं असं झोपवून?" त्याने विचारलं. विचारलं नानांना, पण बघत माझ्याकडे होता.

मी तोंड उघडलं. नानांनी हात वर केला.

"मीच घेत होतो," ते धापा टाकत म्हणाले. "शकू रोज सांगायची, बसा, बसून घ्या. मी ऐकला नाय."

दादा खाटेच्या कडेवर मटकन बसला. "नाना, किती हट्टीपणा करायचा माणसाने," म्हणाला आणि त्यांचा हात धरून लहान मुलासारखा रडला. नंतर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला केवढा त्रास दिला असेल यांनी." मी मान खाली घातली. मी सांगू शकले असते. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं.

दादा चहा आणायला बाहेर गेला तेव्हा मी नानांना विचारलं, "खोटं का बोललात?"

"त्याच्या मनात एकदा बसला की बसला," ते म्हणाले. "मी आज हाय, उद्या नाय. घर त्याच्या नावावर जाणार. तुला तिथंच राहायचं हाय गो." मग डोळे मिटून घेतले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मलाही बोलू दिलं नाही.

नाना बरे झाले, पण ते 'बरे' जरा जपूनच म्हणायला हवं. ताप तीन आठवड्यांनी उतरला. हसनभाई रोज सकाळी येऊन त्यांना कुशीवर वळवायचे, पाठीवर हलके थापटायचे, खोल श्वास घ्यायला लावायचे. डॉक्टरांनी तसं शिकवलं होतं. सकाळचं सगळंही तेच बघायला लागले. आणि पोटाचं काय झालं म्हणाल, तर पाचव्या-सहाव्या दिवशी औषधावाचूनच सगळं सुरळीत झालं. मला आश्चर्य वाटलं. हसनभाईंनी कारण सांगितलं, "नाना पाणीच पीत नव्हते, बाय. तुमची पाठ फिरली की हात धुवायच्या तस्तात ओतायचे. पाणी प्यायला की लघवीचां भांडां मागायला लागतां, आणि भांडां तुमच्याकडून नको. आता पितात."

म्हणजे ज्या बद्धकोष्ठावर मी बाटल्यांमागून बाटल्या आणल्या, त्याचं औषध हसनभाईंनी पहिल्या दिवशीच देऊ केलं होतं.

दोन महिन्यांनी एक्स-रे काढला तर सावली निम्म्यावर आली होती. पुढे ती पुरती कधीच गेली नाही. घरापासून रस्त्यापर्यंतच्या चढणीवर नाना दोनदा थांबायचे. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचे. तेही खोटंच, आणि तेही माझ्यासाठी.

त्या छातीच्या डॉक्टरांकडून मी पुढे पुष्कळ विचारून घेतलं. ते सांगते, पण माझ्या सांगण्यावर विसंबू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. एक दिवस पोट साफ झालं नाही म्हणजे आजार नव्हे, नानांसारखं घड्याळ लावून बसू नये. आधी पाणी, पालेभाजी, फळं, जमेल तेवढी हालचाल, आणि लागली की लगेच जाणं, टाळायचं नाही. त्यानेही नाही झालं तर शौच मऊ करणारं औषध थोडे दिवस घ्यायला हरकत नसते. पण ते सांगितलेल्या मापाने, भरपूर पाण्याबरोबर, आणि आठवड्याच्या वर स्वतःच्या मनाने नाहीच. दोन प्रकारची औषधं एकत्र करायची नाहीत. तेल आणि मऊ करणारी गोळी बरोबर घेतली तर तेल अंगात जास्त मुरतं, असं त्यांनी सांगितलं होतं. पोटात कळा येत असतील, उलट्या होत असतील, रक्त पडत असेल किंवा नेहमीची सवय एकाएकी बदलून बरेच दिवस तशीच राहिली असेल, तर घरी औषध शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. तेलाचं औषध अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला, तान्ह्या पोराला आणि गिळायला त्रास होतो त्याला देऊच नका. आणि डॉक्टरांनी कोणती औषधं चालू आहेत म्हणून विचारलं, तर पोटाचंही सांगा. वॉर्डात माणसं असली तरी सांगा.

आळीतल्या बायका पुढे पुन्हा पोरं घेऊन यायला लागल्या. मी कुणालाही पाजलं नाही. हात दुखतो म्हणून सांगितलं.

नाना त्यानंतर सहा वर्षं जगले. झोपेत गेले, हृदय बंद पडून. घर दादाने माझ्या नावावर करून दिलं. "तू त्यांचं जे केलंस ते मी केलं नसतं," असं म्हणून त्याने सही केली. मी ते घेतलं. त्याच घरात बसून हे लिहिते आहे.

मागच्या महिन्यात दादा आला होता. आता तोही पंचाहत्तरीला टेकला आहे. नातवंडांना नानांच्या गोष्टी सांगत होता. स्टँडवरचे नाना, शिस्तीचे नाना, आणि मग हट्टी नाना. "झोपून औषध घ्यायचे, शकू बिचारी बसा बसा म्हणून विनवायची, पण ऐकतील तर शपथ. शेवटी छाती घालवून बसले." पोरं हसली. मी आत जाऊन उभी राहिले. गेली तीस-पस्तीस वर्षं तो ही गोष्ट सांगतो आहे आणि दर वेळी मी आत जाऊन उभी राहते.

दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते. पाजणारी मी होते. आणि वर एक गोष्ट मी गाळली, ती आता लिहिते. ट्रॅक्शन काढल्यावर नानांनी मला दोनदा सांगितलं होतं, "शकू, मला बसव गो, मग दे." मीच म्हटलं, "पडून राहा नाना. मला जमतं."